मल्टिकास्ट पॅकेटला त्रुटी-संदेश कधी पाठवावा आणि कधी पाठवू नये

आलेले पॅकेट हाताळता आले नाही तर पाठवणाऱ्याला तसे कळवावे, हा इंटरनेटवरचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, पॅकेटचा टीटीएल (किती राउटर ओलांडता येतील याची मोजणी) वाटेतच संपला, हेडरमध्ये न समजणारे काही आढळले, अशा बातम्या परत नेण्याचे काम आयसीएमपी हा प्रोटोकॉल करतो आणि १९८१ सालच्या आरएफसी ७९२ मध्ये त्याची मांडणी झाली (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). ती मांडणी एकाने एकाला पाठवलेल्या पॅकेटपुरती पुरेशी होती. पॅकेट एका गटाला उद्देशून निघाले असेल, म्हणजे मल्टिकास्ट असेल, तर हाच रिवाज भाबडेपणाने पाळणारे यंत्र सगळ्या नेटवर्कला अपाय करते. छोट्या उपकरणासाठी नेटवर्क स्टॅक (नेटवर्कचे प्रोटोकॉल हाताळणारा कोड) लिहिणाऱ्यांना, राउटरचे फर्मवेअर तपासणाऱ्यांना आणि फायरवॉलचे नियम ठरवणाऱ्यांना हे नियम नेमके कसे अमलात आणावेत आणि कसे पडताळावेत, ते पुढे सविस्तर दिले आहे.

आधी हिशेब पाहू. एका स्विचवर अडीचशे यंत्रे आहेत असे धरा. आयपीव्ही४ मध्ये मल्टिकास्ट जाणणारे प्रत्येक यंत्र २२४.०.०.१ या ‘सर्व होस्ट’ गटाचे आपोआप सभासद असते. या पत्त्यावर, कोणीच ऐकत नसलेल्या पोर्टकडे, कोणी एक यूडीपी पॅकेट पाठवले आणि प्रत्येक यंत्राने ‘पोर्ट उपलब्ध नाही’ असे प्रामाणिकपणे कळवले, तर एका पॅकेटपोटी अडीचशे संदेश जवळजवळ एकाच क्षणी एकाच यंत्रावर आदळतील. आयपीव्ही६ मध्ये ही स्थिती आणखी गंभीर होते, कारण तिथे त्रुटी-संदेशात मूळ पॅकेटचा शक्य तेवढा भाग जोडायचा असतो आणि पूर्ण संदेश १२८० बाइटांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे बाराशे बाइटांच्या एका पॅकेटला सुमारे तीन लाख बाइटांचे उत्तर मिळेल. त्यातही पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असेल, तर हा सारा मारा ज्याने काहीच पाठवलेले नाही अशा तिसऱ्याच यंत्रावर होईल. १९९८ च्या सुमारास गाजलेला ‘स्मर्फ’ हल्ला याच तत्त्वावर चालत असे. फरक एवढाच की त्यात त्रुटी-संदेशांऐवजी पिंगची (यंत्र चालू आहे का या विचारणीची) उत्तरे वापरली जात आणि मल्टिकास्टऐवजी ब्रॉडकास्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्वांना उद्देशून असलेला, पत्ता.

म्हणूनच १९८९ च्या ऑगस्टमध्ये स्टीव्ह डीरिंग यांनी लिहिलेल्या आरएफसी १११२ ने स्पष्ट सांगितले की होस्ट-गटाला उद्देशून आलेल्या पॅकेटबद्दल आयसीएमपीचा त्रुटी-संदेश कधीही निर्माण करू नये. दोनच महिन्यांनी आलेल्या आरएफसी ११२२ ने तोच नियम प्रत्येक होस्टवर बंधनकारक केला आणि त्रुटी-संदेश पाठवण्याबद्दल त्या दस्तऐवजात इतरत्र काहीही म्हटलेले असले तरी हे निर्बंध त्याहून वरचढ आहेत, असेही बजावले. हे शेवटचे वाक्य अंमलबजावणी करणाऱ्याने मनावर कोरून ठेवावे असे आहे. ‘अमुक झाले तर त्रुटी पाठवा’ असे एखाद्या प्रोटोकॉलच्या वर्णनात वाचले की आपला हात लगेच कोड लिहायला धावतो, पण ते वाक्य नेहमी या निर्बंधांच्या चौकटीतच वाचायचे असते.

त्यातून पहिली सूचना निघते. त्रुटी-संदेश बाहेर सोडणारे फंक्शन संपूर्ण स्टॅकमध्ये एकच असावे आणि सगळ्या तपासण्या त्याच्या दारातच व्हाव्यात. यूडीपीच्या कोडमध्ये एक तपासणी, फॉरवर्डिंगमध्ये दुसरी, हेडरमधले ऑप्शन (पॅकेटसोबतच्या ऐच्छिक सूचना) वाचणाऱ्या भागात तिसरी अशी विखुरलेली रचना केली की सहा महिन्यांनी कोणीतरी नवा मार्ग जोडतो आणि त्या मार्गावर तपासणी राहून जाते. लिनक्सच्या कर्नलमध्ये ही शिस्त दिसते: आयपीव्ही४ चे त्रुटी-संदेश एकाच फंक्शनमधून जातात आणि पॅकेट या यंत्राला व्यक्तिशः आले होते का, ते मल्टिकास्ट किंवा ब्रॉडकास्ट होते का, पहिला फ्रॅगमेंट (मोठ्या पॅकेटचा तुकडा) होता का, हे प्रश्न तिथेच विचारले जातात.

या दारात सर्वप्रथम, ज्या पॅकेटमुळे आपण संदेश पाठवणार आहोत ते स्वतःच आयसीएमपीचा त्रुटी-संदेश आहे का, हे पाहावे. तसे असेल तर तिथेच थांबावे, नाहीतर दोन यंत्रे एकमेकांच्या तक्रारींबद्दल तक्रारी करत बसतील. आयपीव्ही६ मध्ये ही तपासणी सोपी ठेवली आहे: ० ते १२७ क्रमांकांचे संदेश त्रुटीचे आणि १२८ पासून पुढचे माहितीचे. मात्र रीडायरेक्टचा, म्हणजे अधिक चांगला मार्ग सुचवणाऱ्या संदेशाचा, क्रमांक १३७ आहे, म्हणजे तो माहितीच्या बाजूला पडतो, आणि तरीही रीडायरेक्टला त्रुटी-संदेशाने उत्तर देण्यास मनाई आहे. केवळ वरचा बिट पाहून निर्णय घेणारा कोड इथे फसतो, म्हणून रीडायरेक्टची तपासणी वेगळी लिहावी.

त्यानंतर पाठवणाऱ्याचा पत्ता पाहावा. तो एका आणि एकाच यंत्राची ओळख देत नसेल, तर संदेश पाठवू नये. आयपीव्ही४ मध्ये शून्य पत्ता, लूपबॅक (यंत्राने स्वतःशीच बोलण्याचा पत्ता), ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट आणि क्लास ई (राखीव पट्टा) हे सारे यात येतात. आयपीव्ही६ मध्ये अनिर्दिष्ट पत्ता, मल्टिकास्ट पत्ता आणि आपल्याला एनिकास्ट (अनेक यंत्रांत वाटून घेतलेला) म्हणून ठाऊक असलेला पत्ता. ही तपासणी रोजच्या वापरातली आहे, हे विसरू नये. आयपीव्ही६ चे यंत्र नवा पत्ता घेताना तो आधीच कोणाकडे आहे का हे विचारते, तेव्हा त्या प्रश्नाचा उगम-पत्ता अनिर्दिष्टच असतो आणि प्रश्न मल्टिकास्ट पत्त्यावर जातो. त्यात काही खोट आढळली तरी उत्तर पाठवायला ठिकाणच नसते.

मग येतो गंतव्य पत्ता. आयपीव्ही४ मध्ये २२४.०.०.०/४ आणि आयपीव्ही६ मध्ये एफएफ००::/८ या पट्ट्यांत तो असेल, तर पॅकेट मल्टिकास्ट आहे. आपण त्या गटाचे सभासद आहोत की नाही, याला इथे काहीही महत्त्व नाही. सभासद नसलेल्या गटाची पॅकेट्सही आयपी लेअरपर्यंत पोहोचतात, कारण इथरनेटवर आयपीव्ही४ च्या गट-पत्त्यातील २८ बिटांपैकी फक्त २३ बिट हार्डवेअर पत्त्यात उतरतात आणि त्यामुळे बत्तीस गटांना एकच हार्डवेअर पत्ता मिळतो. २२४.१.१.१ चे सभासद असलेल्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाला २२५.१.१.१ चे पॅकेट वेगळे ओळखता येत नाही. असे पॅकेट आयपी लेअरने काहीही न बोलता टाकून द्यावे. ‘हा पत्ता माझा नाही’ म्हणून त्रुटी पाठवणे चूक आहे.

यापुढची तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते, म्हणून तिच्याजवळ थोडे थांबू. पॅकेटचा आयपी पत्ता युनिकास्ट (एकाच यंत्राचा) दिसत असला, तरी ज्या इथरनेट फ्रेममधून ते आले ती ब्रॉडकास्ट असू शकते. हे कसे घडते? १९२.१६८.०.२५५ हा पत्ता घ्या. मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) /२४ असेल तर तो त्या सबनेटचा ब्रॉडकास्ट पत्ता आहे. मास्क /२३ असेल तर तो एका साध्या होस्टचा पत्ता आहे. एकाच तारेवरच्या यंत्रांपैकी काहींचा मास्क चुकीचा बसवला असेल, तर एकाने ब्रॉडकास्ट म्हणून पाठवलेले पॅकेट दुसऱ्याला कोणा तिसऱ्याचे युनिकास्ट पॅकेट वाटेल आणि तो ‘गंतव्य गाठता येत नाही’ असे कळवू लागेल. आयपी पत्ता पाहून ही चूक पकडता येत नाही. फ्रेमचा पत्ता पाहूनच पकडता येते. म्हणून आरएफसी ११२२ ने लिंक लेअरवर जबाबदारी टाकली आहे की ब्रॉडकास्ट फ्रेम आली हे तिने आयपी लेअरला सांगितलेच पाहिजे. आयपीव्ही६ चा नियम याहून व्यापक आहे: लिंक लेअरवर मल्टिकास्ट म्हणून आलेल्या फ्रेमलाही तो लागू होतो. व्यवहारात याचा अर्थ असा की पॅकेटच्या बफरसोबत ‘फ्रेम कशी आली’ हे सांगणारी एक खूण ड्रायव्हरपासून त्रुटी पाठवणाऱ्या फंक्शनपर्यंत प्रवास करत राहिली पाहिजे. छोट्या उपकरणांच्या स्टॅकमध्ये मेमरी वाचवण्यासाठी इथरनेट हेडर लवकर काढून टाकतात आणि ही माहिती त्याच्याबरोबरच जाते. एक बिट राखून ठेवणे कोणत्याही उपकरणाला परवडते.

आयपीव्ही४ मध्ये एक तपासणी अजून उरते, ती म्हणजे पहिला सोडून इतर कोणत्याही फ्रॅगमेंटबद्दल त्रुटी पाठवू नये. इतके झाले की आयपीव्ही४ चे काम संपले, कारण तिथे अपवाद नाहीत. टीटीएल संपला, पॅकेट मोठे झाले, पोर्ट बंद आहे, काहीही असो, गटाकडे निघालेल्या पॅकेटबद्दल मौनच पाळायचे. याची किंमतही मोजावी लागते. ‘फ्रॅगमेंट करू नका’ असा बिट लावलेले मल्टिकास्ट पॅकेट अरुंद लिंकपाशी आले तर राउटरने ते गुपचूप टाकायचे असते. लिनक्सच्या मल्टिकास्ट फॉरवर्डिंगच्या कोडमध्ये नेमक्या याच जागी, आयसीएमपी पाठवण्याची मुभा नसल्याने ही पॅकेट्स अंधारात नाहीशी होतील, अशी हळहळ व्यक्त करणारी टिप्पणी आहे. त्यामुळे आयपीव्ही४ वर मल्टिकास्ट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने तो बिट लावू नये किंवा पॅकेट मुळातच लहान ठेवावे.

आयपीव्ही६ चे दोन अपवाद

२००६ च्या मार्चमधल्या आरएफसी ४४४३ ने मूळ मनाई कायम ठेवली, पण दोन प्रसंगी मल्टिकास्ट पॅकेटलाही त्रुटी-संदेश पाठवण्याची सोय केली. ही सोय समजून न घेता सगळेच बंद करणारी किंवा सगळेच चालू ठेवणारी अंमलबजावणी सारखीच सदोष ठरते.

पहिला अपवाद ‘पॅकेट फार मोठे आहे’ या संदेशाचा. आयपीव्ही६ मध्ये राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत, त्यामुळे वाटेतल्या सर्वांत अरुंद लिंकचा अंदाज पाठवणाऱ्यालाच घ्यावा लागतो आणि हा संदेश बंद केला तर तो अंदाज कधीच येणार नाही. समजा, उगमाने १५०० बाइटांचे पॅकेट गटाकडे सोडले. त्याची एक प्रत साध्या इथरनेटवरून पोहोचली, दुसरी आयपीव्ही४ मधून जाणाऱ्या १४८० च्या बोगद्यापाशी अडली आणि तिसरी १४२० च्या व्हीपीएनपाशी. उगमाला दोन वेगवेगळे संदेश मिळतील आणि त्याने सर्वांत लहान आकडा, म्हणजे १४२०, संपूर्ण गटासाठी धरायचा आहे. १२८० पेक्षा लहान आकडा सांगणारा संदेश आला तर तो टाकून द्यायचा आहे. हा अपवाद सुसह्य का आहे, हेही लक्षात घ्यावे: हे संदेश श्रोत्यांकडून येत नाहीत, अरुंद लिंकच्या तोंडाशी असलेल्या राउटरकडून येतात. त्या लिंकच्या पलीकडे हजार श्रोते असले तरी संदेश एकच येतो. तरीही माझे मत असे आहे की ज्या प्रोग्रॅमला शक्य आहे त्याने गटाकडे पाठवताना पहिल्यापासूनच १२८० च्या आत राहावे. एका कोपऱ्यातल्या श्रोत्याच्या अरुंद लिंकमुळे साऱ्या गटाचा आकार मध्येच बदलण्यापेक्षा ते कितीतरी सरळ आहे.

दुसरा अपवाद न समजलेल्या ऑप्शनचा आहे आणि तो अधिक जपून हाताळावा लागतो. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक ऑप्शनच्या क्रमांकाचे वरचे दोन बिट, ऑप्शन ओळखता न आल्यास काय करावे ते सांगतात. ते ०० असतील तर ऑप्शन ओलांडून पुढे जावे. ०१ असतील तर पॅकेट मुकाट्याने टाकावे. १० असतील तर पॅकेट टाकावे आणि गंतव्य मल्टिकास्ट असले तरीही त्रुटी कळवावी. ११ असतील तर पॅकेट टाकावे, पण गंतव्य मल्टिकास्ट नसेल तरच कळवावे. अपवाद फक्त १० या जोडीपुरता आणि ‘पॅरामीटर प्रॉब्लेम’ संदेशाच्या कोड २ पुरता आहे. हेडर चुकीचे आहे असे सांगणारा कोड ० किंवा पुढचे हेडर अनोळखी आहे असे सांगणारा कोड १ यात बसत नाही.

इथे मात्र संदेश प्रत्येक श्रोत्याकडून येऊ शकतो, आणि म्हणून हा अपवाद हल्लेखोराच्याही उपयोगाचा आहे. खऱ्या उगमाचा पत्ता लावून, १० ने सुरू होणारा अनोळखी ऑप्शन घातलेले पॅकेट कोणी गटाकडे सोडले, तर सारा गट मिळून त्या उगमाला बुडवू शकतो. मल्टिकास्ट राउटर उलट मार्गाची पडताळणी (पॅकेट उगमाकडे जाणाऱ्या वाटेवरूनच आले का) करत असल्याने असे पॅकेट उगमाच्या जवळपास, योग्य वाटेवरूनच आत यावे लागते. तेवढाच काय तो दिलासा. याहून अवघड गोष्ट अशी की प्रामाणिक उगम स्वतःवरही हे संकट ओढवून घेऊ शकतो. म्हणून गटाकडे जाणाऱ्या पॅकेटसाठी नवा ऑप्शन ठरवत असाल, तर वरचे बिट १० ठेवू नयेत. राउटर अलर्ट ऑप्शनचा क्रमांक ५ आहे, म्हणजे त्याचे वरचे बिट ०० आहेत, आणि गट-सभासदत्वाचे संदेश तो सोबत घेऊन कोणालाही त्रास न देता फिरतात.

या दोन अपवादांत जेव्हा संदेश पाठवायचा ठरतो, तेव्हा त्याच्या उगम-पत्त्यात मूळ पॅकेटचा गंतव्य पत्ता भरू नये, कारण तो मल्टिकास्ट आहे. आपल्या स्वतःच्या युनिकास्ट पत्त्यांपैकी एक घ्यावा. पत्ते उलटसुलट करून उत्तर तयार करणारा सोपा कोड इथे बेकायदा पॅकेट बाहेर सोडतो. त्याखेरीज त्रुटी-संदेशांना वेगमर्यादा बंधनकारक आहे आणि तिच्यासाठी टोकन बकेटची पद्धत (ठरावीक वेगाने भरणारी टोकने, प्रत्येक संदेशामागे एक खर्च) सुचवलेली आहे. लहान आणि मध्यम उपकरणांसाठी उदाहरण म्हणून दहा टोकनांची बकेट आणि सेकंदाला दहा संदेश असे आकडे दिलेले आहेत. ठरावीक अंतराने एकच संदेश सोडणारा टायमर वापरू नये, कारण वाटेतले राउटर शोधणारी ट्रेसराउटसारखी साधने लागोपाठ काही पॅकेट्स पाठवतात आणि त्यांना उत्तरे मिळेनाशी होतात.

पिंगची उत्तरे त्रुटी-संदेशांत मोडत नाहीत, म्हणून वरची मनाई त्यांना लागू नाही. आयपीव्ही४ मध्ये मल्टिकास्ट किंवा ब्रॉडकास्ट पिंगकडे दुर्लक्ष करण्याची मुभा आहे आणि लिनक्स मुळातच तसे करते. आयपीव्ही६ मध्ये उत्तर द्यावे अशी शिफारस आहे, तेही पिंग ज्या इंटरफेसवर आले त्याच्या युनिकास्ट पत्त्यावरून.

पडताळणी

दोन लिनक्स यंत्रे किंवा दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रातली वेगळी केलेली नेटवर्क), पॅकेट घडवण्यासाठी स्केपी आणि पाहण्यासाठी वायरशार्क, एवढ्यावर बरेचसे तपासता येते. सुरुवात नेहमी युनिकास्टने करावी: बंद पोर्टकडे एक यूडीपी पॅकेट पाठवून ‘पोर्ट उपलब्ध नाही’ हे उत्तर येते का ते पाहावे. ते आले नाही तर पुढच्या सगळ्या चाचण्यांतले मौन निरर्थक ठरते, कारण ते मौन नियम पाळल्यामुळे आहे की मधल्या फायरवॉलमुळे, हे सांगता येणार नाही. दोन चाचण्यांमध्ये काही सेकंद थांबावे, नाहीतर वेगमर्यादेने गिळलेला संदेश आपण नियमाच्या खात्यात जमा करू.

मग तेच पॅकेट २२४.०.०.१ कडे आणि आयपीव्ही६ वर एफएफ०२::१ कडे पाठवावे. दोन्हीकडे शांतता हवी. त्यानंतर आयपी पत्ता यंत्राचा स्वतःचा, पण फ्रेमचा पत्ता ब्रॉडकास्ट, असे पॅकेट घडवून पाठवावे. इथे उत्तर आले तर लिंक लेअरची खूण वरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. ऑप्शनच्या चाचणीसाठी प्रयोगांकरिता राखून ठेवलेले क्रमांक आहेत. १५८ चे वरचे बिट १० आहेत आणि २२२ चे ११. गंतव्य-ऑप्शनच्या हेडरमध्ये पहिलाच ऑप्शन म्हणून १५८ घालून पॅकेट एफएफ०२::१ कडे सोडले, की प्रकार ४, कोड २ चा संदेश यायला हवा आणि त्यातला पॉइंटर ४२ असायला हवा, कारण चाळीस बाइटांचे मूळ हेडर आणि ऑप्शन हेडरचे पहिले दोन बाइट ओलांडल्यावर तो ऑप्शन सुरू होतो. तेच पॅकेट २२२ घालून पाठवले तर काहीही येता कामा नये. आलेल्या संदेशाचा उगम-पत्ता युनिकास्ट आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

मधे राउटर ठेवून दोन चाचण्या अजून कराव्यात. टीटीएल (आयपीव्ही६ मध्ये हॉप लिमिट) १ असलेले मल्टिकास्ट पॅकेट राउटरपाशी संपले पाहिजे आणि त्याबद्दल कोणताही संदेश येता कामा नये, मग आयपीची आवृत्ती कोणतीही असो. दुसरीत, आयपीव्ही६ वर राउटरच्या पलीकडच्या लिंकचा एमटीयू (तिच्यावरून जाऊ शकणारा पॅकेटचा कमाल आकार) १४०० करून मोठे पॅकेट सोडावे आणि ‘पॅकेट फार मोठे आहे’ हा संदेश १४०० या आकड्यासह उगमापर्यंत पोहोचतो का, ते पाहावे. अनेक फायरवॉलांत आयसीएमपी सरसकट बंद केलेले असते आणि ही चाचणी तिथेच अडते. अशा ठिकाणी निदान हा एक संदेश मोकळा सोडलाच पाहिजे.

टीटीएलची चाचणी नव्या माणसाला आणखी एका कारणासाठी करून दाखवावी. मल्टिकास्ट पाठवणाऱ्या सॉकेटचा टीटीएल मुळात १ असतो, तो वाढवायचे राहून गेले की प्रवाह पहिल्या राउटरच्या पलीकडे जात नाही, आणि प्रोग्रॅमला त्याची काहीच खबर मिळत नाही. ट्रेसराउटही इथे उपयोगाचे नाही, कारण ते ज्या संदेशांवर चालते त्यांनाच बंदी आहे. अशा वेळी राउटरवरचे गट-सभासदत्व आणि पॅकेटचे काउंटर पाहावेत, किंवा मल्टिकास्टचा मार्ग शोधण्यासाठीच २०१८ मध्ये आरएफसी ८४८७ म्हणून प्रमाणित झालेले एमट्रेस २ वापरावे. श्रोत्यांकडून पोच हवीच असेल, तर ती ॲप्लिकेशनच्या पातळीवर मागावी आणि तिला लगाम घालावा. ध्वनी-चित्र प्रवाह नेणाऱ्या आरटीपी प्रोटोकॉलसोबतच्या, श्रोत्यांचे अहवाल आणणाऱ्या आरटीसीपीमध्ये हे अहवाल सत्राच्या बँडविड्थच्या पाच टक्क्यांत बसवण्याची शिफारस आहे, आणि सगळ्यांचे अहवाल एकाच क्षणी निघू नयेत म्हणून त्यांच्या वेळा मुद्दाम मागेपुढे केल्या जातात.